नवा कॉम्बी बॉयलर आणि जुन्या रेडिएटरांतला गाळ: लंडनच्या हॅरोमधल्या एका घराचं प्रकरण

काकांकडे दोन कोटेशनं आली होती आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडत होती. पहिल्यात नव्या कॉम्बी बॉयलरच्या किमतीखाली पॉवर फ्लशचे (यंत्राने जोरात पाणी फिरवून पाइप आणि रेडिएटर आतून धुण्याचे) काही शे पौंड वेगळे लावले होते आणि शेजारी लिहिलं होतं, ‘कायद्याने सक्तीचा’. दुसऱ्या कारागिराने फ्लशचं नावच घेतलं नव्हतं. तोंडी म्हणाला होता, जुनं पाणी सोडून देऊ, साधं पाणी एकदा फिरवू, झालं. काका आयुष्यभर हिशेबाच्या कामात. त्यांनी मला फोन केला: “अरे, एक म्हणतो कायदा आहे, दुसरा म्हणतो गरज नाही. दोघांकडे गॅस सेफचं, म्हणजे गॅसच्या कामाच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड आहे. मी विश्वास कुणावर ठेवायचा?”

दोघंही अर्धं खरं बोलत होते. इंग्लंडमध्ये बॉयलर बदलताना जुनी हीटिंग यंत्रणा आतून साफ करायची आणि पाण्यात गंजरोधक घालायचं, हे बांधकाम नियमांच्या मार्गदर्शनात आहे. ते कसं करायचं ते बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकात आहे. २०१९च्या आवृत्तीने त्यात परतीच्या पाइपवर (रेडिएटरांकडून बॉयलरकडे पाणी परत आणणाऱ्या) कायमचा फिल्टर आणि गंजरोधकाची वार्षिक तपासणी यांची भर घातली. म्हणजे सफाईला पर्याय नाही. पण ती पॉवर फ्लशच्या यंत्रानेच करा, असं कुठेही म्हटलेलं नाही. नळाच्या दाबाने धुणं हीसुद्धा त्यातलीच एक मान्य पद्धत आहे. घराला कुठली पद्धत लागते हे ते घर बघून ठरतं, आणि दोन्ही कोटेशनं देणाऱ्यांपैकी एकानेही पोटमाळ्यावर चढून पाहिलं नव्हतं.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगतो, कारण आपल्याकडे गिझर असतो, रेडिएटर नसतो. इथल्या घरात दोन वेगळी पाणी असतात. एक नळाचं, जे येतं, तापतं आणि वाहून जातं. दुसरं बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांत वर्षानुवर्षं तेच ते फिरणारं. गाळ होतो तो या दुसऱ्या पाण्यात. जुन्या पद्धतीत बॉयलर हे पाणी तापवायचा, त्यातलं काही रेडिएटरकडे जायचं आणि काही तांब्याच्या मोठ्या सिलिंडरमधल्या वेटोळ्यातून फिरून आंघोळीचं पाणी तापवायचं. कॉम्बीमध्ये सिलिंडर नसतो. नळ सोडला की बॉयलरच्या पोटातल्या प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये एका बाजूने हीटिंगचं पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचं पाणी जातं, आणि नळाचं पाणी तिथल्या तिथे तापतं. या प्लेटांमधल्या वाटा फार अरुंद असतात. जुन्या बिडाच्या बॉयलरमधून जो गाळ सहज निघून जायचा तो इथे अडकतो. शिवाय रेडिएटर उन्हाळ्यात बंद असले तरी आंघोळीच्या पाण्यासाठी तेच काळं पाणी रोज या प्लेटांतून फिरतं. बसवून वर्षही न झालेल्या कॉम्बीतून शॉवर मध्येच गरम, मध्येच गार येऊ लागला की मी पहिला संशय गाळावर घेतो. अशा वेळी उत्पादक वॉरंटीतही हात वर करतात, आणि माझ्या मते त्यात त्यांचं फारसं चुकत नाही.

काकांचं घर १९३०च्या दशकातलं, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं सेमी. हीटिंग नंतर कधीतरी बसवलेलं: स्वयंपाकघरात बिडाचा बॉयलर, वरच्या कपाटात सिलिंडर, पोटमाळ्यावर हीटिंगची छोटी टाकी, आणि घरभर दहा रेडिएटर. मागे वाढवलेल्या खोलीतला दहावा रेडिएटर पुढच्या काळातला. त्याला ८ मिलिमीटरचे बारीक पाइप दिलेले आणि ते काँक्रीटच्या जमिनीत गाडलेले. ही शेवटची माहिती पुढे फार महागात जाणार होती.

तक्रारी नेहमीच्या. दिवाणखान्यातला मोठा रेडिएटर वरून आणि दोन्ही कडांना तापायचा, खाली मधोमध गारच राहायचा. मागच्या खोलीतला तर पूर्ण गार. बॉयलर किटलीसारखा आवाज करायचा. काकूंना दर काही आठवड्यांनी किल्ली घेऊन वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरांतली हवा काढावी लागायची, आणि त्यांना वाटायचं की जुन्या घरात हे असंच असतं.

असं नसतं. हीटिंगच्या यंत्रणेत पुन्हा पुन्हा ‘हवा’ साचत असेल तर एक तर बाहेरची हवा कुठून तरी आत ओढली जाते आहे, नाहीतर रेडिएटरचं पोलाद गंजताना तयार होणारा हायड्रोजन वर जमतो आहे. (काही जुने कारागीर तिथे पेटती काडी धरून हायड्रोजन ओळखतात. घरात कुणी हा प्रयोग करू नये.) रेडिएटर वरून गार असेल तर वायू आणि खालून गार असेल तर गाळ, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं निदान घरमालकालाच करता येतं.

मी आधी पोटमाळ्यावर गेलो. छोट्या टाकीचं झाकण उचललं तर पाणी कोमट. ते गार असायला हवं. ही टाकी फक्त तापून फुगलेल्या पाण्याला जागा द्यायला आणि कमी पडलेलं पाणी भरून द्यायला असते. तिच्यावर वाकून आलेल्या व्हेंट पाइपमधून (एरवी यातून फक्त हवा बाहेर जावी) पंप सुरू झाला की गरम पाण्याची धार टाकीत पडत होती. तिथे ते पाणी ताजा ऑक्सिजन घेऊन पुन्हा खाली यंत्रणेत जात होतं. टाकीच्या तळाला बोटभर तांबूस चिखल होता.

मग दोन काचेच्या बरण्या. एकीत दिवाणखान्यातल्या रेडिएटरमधलं पाणी, दुसरीत टाकीतलं. पहिलं काळंशार. थोडा वेळ ठेवल्यावर काजळीसारखा बारीक गाळ खाली बसला आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी राहिलं. बरणीला बाहेरून चुंबक लावून सरकवला तर गाळही त्याच्यामागे सरकत गेला. हा मॅग्नेटाइट, ऑक्सिजन तोकडा असताना पोलाद गंजून होणारा लोहाचा काळा ऑक्साइड. तो पाण्याच्या पाचपट जड, म्हणून प्रवाह जिथे मंदावतो तिथे, म्हणजे रेडिएटरच्या तळाशी, बसतो. दुसऱ्या बरणीतलं पाणी नारिंगी होतं, नेहमीच्या गंजाचं. नारिंगी रंगाचा अर्थ असा की भरपूर ऑक्सिजन अजूनही मिळतो आहे. काळा गाळ झालेलं नुकसान दाखवतो, नारिंगी पाणी चालू असलेलं नुकसान दाखवतं. म्हणून दोन्ही नमुने घ्यावेत.

आता कारण शोधायचं होतं. तांब्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे खिशातला छोटा चुंबक हे या कामात फार उपयोगी हत्यार आहे. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवरून तो सरकवत आलो. सगळीकडे घसरून पडत होता, आणि पंपाजवळ जिथे हा पाइप मुख्य पाइपला मिळतो त्या सांध्यापाशी चिकटून बसला. तांब्याच्या पाइपला चुंबक चिकटला म्हणजे आत मॅग्नेटाइटचा बुच बसला. तिथला मार्ग चोंदल्याने पंपाच्या दाबाचं गणित बिघडलं होतं आणि पाणी व्हेंटच्या वाटेने वर फेकलं जात होतं. वर जाऊन ते ऑक्सिजन आणत होतं, ऑक्सिजनमुळे गंज वाढत होता, आणि गंजामुळे तोच सांधा आणखी चोंदत होता. यंत्रणा स्वतःच स्वतःला खात होती.

दोन्ही कोटेशनं चुकतात ती इथे. दुसऱ्या कारागिराप्रमाणे नुसतं पाणी सोडून दिलं असतं तर तळाशी बसलेला गाळ हललाही नसता. रेडिएटर रिकामा केला तरी गाळ आतच राहतो. पहिल्याप्रमाणे बॉयलर बदलायच्याच दिवशी सकाळी यंत्र लावलं असतं तर सुटा गाळ निघाला असता, पण पाणी नेहमी सोपी वाट धरतं. ज्या पाइपातून पाणी जातच नाही, त्यातून पॉवर फ्लशचं पाणीही जात नाही. आणि घाई सगळ्यात वाईट. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला थर काही तासांत सुटत नाही. त्याला औषध लागतं, उष्णता लागते आणि वेळ लागतो.

या तिन्ही गोष्टी देणारी वस्तू घरात आधीच होती: जुना बॉयलर. माझं मत यात पक्कं आहे. सफाई जुन्या बॉयलरकडून करून घ्यावी. त्याच्या आतल्या वाटा रुंद, गाळाची त्याला सवय, आणि पुढच्या आठवड्यात तो भंगारातच जायचा आहे. नवा बॉयलर बसवून मग त्याच्यातून सफाईचं औषध फिरवणारे लोक मला समजत नाहीत.

पहिलं काम टाकी. तिच्यातला चिखल हाताने, डबड्याने आणि फडक्याने काढला. तो तसाच ठेवून पाणी सोडलं असतं तर सगळा खाली यंत्रणेत उतरला असता. मग चोंदलेला सांधा कापून नवा घातला. कापलेल्या तुकड्याचं तोंड काकांना दाखवलं: २२ मिलिमीटरच्या पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती, बाकी दगडासारखा काळा थर. काकांनी तो तुकडा जपून ठेवून दिला, पहिल्या कोटेशनवाल्याला दाखवायला. दाखवला की नाही ते मी विचारलं नाही.

सफाईचं औषध सहसा याच टाकीत ओततात. इथे सांधा बदलायच्या आधी तसं केलं असतं तर ते टाकीतच बसून राहिलं असतं, म्हणून चोंदलेल्या यंत्रणेत औषध आधी ओतणं म्हणजे पैसे टाकीत ओतणं. मी ते सरळ न्हाणीघरातल्या रेडिएटरमधून आत सोडलं. औषध आम्लाचं नव्हतं, गाळ मोकळा करून पाण्यात तरंगत ठेवणारं होतं. बॉयलरचा किटलीसारखा आवाज क्षारांमुळेही येतो आणि त्यावर आम्ल चालतं, पण जुन्या पातळ झालेल्या रेडिएटरांत आम्ल सोडणं मला नको होतं. शिवाय आवाज करणारा बॉयलर जाणारच होता. मग काकूंना एकच काम दिलं: आठवडाभर घरातला एकही रेडिएटर बंद करायचा नाही, नको असलेल्या खोलीतलासुद्धा नाही, आणि हीटिंग रोज काही तास चालवायचं. “वापरात नसलेल्या खोलीत कशाला गॅस जाळायचा?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण बंद रेडिएटरमध्ये औषध पोचत नाही आणि त्यातला गाळ नंतर नव्या बॉयलरकडे येतो.

आठवड्यानंतर पाणी सोडलं. हे पाणी कुठे जातं याकडे लक्ष ठेवावं. औषध आणि गाळ मिसळलेलं पाणी मैल्याच्या गटारात जायला हवं. अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या जाळीत ओतलं तर ते थेट ओढ्यात जाऊ शकतं, आणि घरोघर ते ओतलं जाताना मी पाहिलं आहे.

सगळ्यात वाईट तीन रेडिएटर भिंतीवरून उतरवून परसात नेले. जुना उपाय, कष्टाचा, आणि माझ्या मते कुठल्याही यंत्रापेक्षा परिणामकारक. दोन्ही टोकांची तोंडं चिंध्यांनी बंद करून, खाली प्लॅस्टिक अंथरून, आडवा न करता बाहेर न्यायचा. कार्पेटवर पडलेला काळा डाग निघत नाही. बाहेर उलटा करून नळीचं पाणी सोडायचं, रबरी हातोड्याने ठोकायचं, पुन्हा पाणी. दिवाणखान्यातल्या रेडिएटरमधून पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत काकूंची हिरवळ काळी झाली होती. तो परत नेताना वजनातला फरक हाताला जाणवत होता. चौथ्या रेडिएटरच्या खालच्या शिवणीवर गंजाचे फोड दिसले. तो धुवायच्या फंदात पडलो नाही, बदलायच्या यादीत टाकला.

मग यंत्र. हो, पॉवर फ्लश मी केला. माझा विरोध यंत्राला नाही, फक्त यंत्रालाच सफाई समजण्याला आहे. पंप काढून त्याच्या जागी नळ्या जोडल्या, सिलिंडरकडची वाट बंद केली आणि एका वेळी एकच रेडिएटर उघडा ठेवून बाकी सगळे बंद. त्यामुळे सगळा प्रवाह त्या एकातून जातो. दिशा उलटसुलट करत राहायची, रेडिएटरला कंपन द्यायचं, आणि परतीच्या नळीवरच्या चुंबकावर काय जमतं ते बघत राहायचं. ‘किती वेळ’ या प्रश्नाला तासांत उत्तर देणाऱ्या कोटेशनपासून जपून राहावं. उत्तर पाण्यात असतं. शेवटी ताज्या पाण्याने धुताना, यंत्रणेतून निघणाऱ्या पाण्यातल्या विरघळलेल्या द्रव्यांचं माप नळाच्या पाण्याच्या मापाच्या दहा टक्क्यांच्या आत यायला हवं. त्यासाठी खिशात मावणारा मीटर मिळतो. हे धुणं टाळता येत नाही, कारण अनेक नव्या बॉयलरचा हीट एक्सचेंजर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि मागे राहिलेलं सफाईचं औषध त्याला बाधतं.

नऊ रेडिएटर साफ झाले. मागच्या खोलीतला दहावा हलला नाही. बाकी सगळे बंद करून पूर्ण दाब त्याच्यावर दिला. मग रेडिएटर काढून त्याच्या एकेका पाइपात सरळ नळाच्या दाबाने उलट्या बाजूने पाणी सोडून बघितलं. एक पाइप थेंबथेंब आला, दुसरा मुका. ८ मिलिमीटरच्या पाइपाची आतली वाट जेमतेम सहा-सात मिलिमीटर असते, ती एखाद्या वळणावर भरली की संपलं. इथे थांबायचं कधी हे ठरवणं हेच खरं कौशल्य. आणखी एक दिवस औषध, आणखी एक दिवस यंत्र असं करत राहता येतं आणि बिल वाढत राहतं. मी काकांना सांगितलं की जमिनीतले पाइप सोडून द्या, कडेच्या लाकडी पट्टीच्या वरून १५ मिलिमीटरचे नवे पाइप टाकू. दिसतात थोडे, पण रंग दिला की डोळ्याला सवय होते. घरभर बारीक पाइप असते तर मी कदाचित कॉम्बीचाच पुनर्विचार करायला सांगितलं असतं.

कॉम्बी बसवण्याआधी एक परीक्षा बाकी होती, आणि ती बरेच जण गाळतात. उघड्या टाकीच्या यंत्रणेत खालच्या मजल्यावर जेमतेम अर्धा बार दाब असतो, टाकी जितकी उंच तितकाच. कॉम्बीची यंत्रणा बंद असते. ती गार असताना एक ते दीड बारवर भरतात आणि तापली की दाब आणखी चढतो. जुने सांधे इतका दाब बघितलेलेच नसतात. कधी कधी बारीक भोक गाळानेच बुजलेलं असतं आणि सफाईने ते उघडं पडतं. मग घरमालक म्हणतो, नवा बॉयलर आला आणि गळती घेऊन आला. म्हणून जुना बॉयलर उतरवल्यावर व्हेंट आणि टाकीचा पाइप बंद केला, यंत्रणा दोन बारवर भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा खाली आलेला होता. झोपायच्या खोलीतल्या व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी ओल होती. व्हॉल्व्ह बदलला, पुन्हा भरलं, या वेळी काटा जागचा हलला नाही.

नवा बॉयलर बसवणं हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग. परतीच्या पाइपवर, बॉयलरच्या आधी, चुंबकाचा फिल्टर लावला, आणि तो अशा जागी की सर्व्हिसला येणाऱ्याला कपाट न मोडता उघडता येईल. गंजरोधक यंत्रणेतल्या पाण्याच्या मापाने घातलं. पाणी साधारण शंभर लिटर धरलं. हॅरोचं पाणी कडक, म्हणून बॉयलरकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या पाइपवर क्षार रोखणारं साधन बसवलं. पाण्याचा कडकपणा २०० पीपीएमच्या (दशलक्षात २०० भाग क्षारांच्या) वर असेल तर नियमांचं मार्गदर्शनही तेच सांगतं. हे नळाच्या पाण्यासाठी, गंजरोधक हीटिंगच्या पाण्यासाठी. या दोन गोष्टींची गल्लत कोटेशनांत सर्रास दिसते. एक लावलं म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

बॉयलरच्या पुस्तिकेत बेंचमार्क नावाचं एक पान असतं. यंत्रणा साफ केली का, कुठलं औषध वापरलं, गंजरोधक कुठलं आणि किती लिटर, फिल्टर बसवला का, हे सगळं त्यात भरायचं असतं. घरमालकाने हे पान कोरं सोडू देऊ नये. पुढे वॉरंटीवरून वाद झाला तर तेच कामाला येतं. काकांनी त्याच्या दोन प्रती काढल्या.

पहिल्या काही आठवड्यांनी मी फिल्टर उघडायला गेलो. चुंबकावर चमचाभर काळं होतं. कितीही धुतलं तरी कोपऱ्यात राहिलेलं थोडं नंतर सुटतंच, आणि फिल्टर त्याच्यासाठीच असतो. जिथे सफाईच झाली नाही तिथे फिल्टर हा उपाय म्हणून विकला जातो, ते मला पटत नाही. फिल्टर जे वाहून येतं ते पकडतो, तळाशी बसलेलं उपसत नाही. वर्षाच्या सर्व्हिसला चुंबकावर नुसता पुसट थर होता. पाण्याचा नमुना स्वच्छ होता, गंजरोधकाची पातळी चाचणीच्या पट्टीवर योग्य आली. दर पाच वर्षांनी ते पुन्हा घालायचं, नाहीतर पाणी प्रयोगशाळेत पूर्ण तपासून घ्यायचं.

रेडिएटर खालपर्यंत तापायला लागल्यावर एक फायदा झाला ज्याचा काकांनी विचार केला नव्हता. गाळाने अर्धा गार राहणारा रेडिएटर खोली तापवायला पुरत नाही, म्हणून लोक बॉयलरचं तापमान चढवून ठेवतात. पण काकांच्या नव्या बॉयलरसारखा कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो तो परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तेव्हाच. काकांचा बॉयलर आता कमी तापमानावर चालतो आणि घर गार पडत नाही.

काकूंची तक्रार एकच उरली: कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला की वर शॉवरचा जोर जातो. त्याचा गाळाशी संबंध नाही. ३० किलोवॉटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला सुमारे १२ लिटर देतो, आणि बॉयलर निवडायच्या आधी स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली धरून मोजलं तेव्हा मिनिटाला १४ लिटर भरले होते. एका शॉवरला पुरतात, दोन नळांना नाही. सिलिंडर ठेवायचा की कपाटाची जागा हवी, हे तेव्हा काकूंनाच विचारलं होतं. त्यांनी कपाट मागितलं. आता त्यात पापडांचे आणि लोणच्यांचे डबे आहेत.